क्रिकेटपटूंच्या वाटाघाटी, भारतातील

व्यावसायिक खेळाडू आणि त्यांच्या खेळाचे नियमन करणारी संस्था यांच्यात मानधन, करार, निवड, शिस्त व खेळाबाहेरील उत्पन्न यांसंबंधी होणारी सौदेबाजी. कामगार व मालक यांच्यातील सामूहिक सौद्याशी तिचे साम्य असले, तरी काही महत्त्वाच्या बाबतींत ती वेगळी आहे. खेळाडूची कारकीर्द अल्पकाळाची, साधारणपणे दहा ते पंधरा वर्षांची असते. त्यामुळे वादात एक हंगाम वाया गेल्यास ते नुकसान सहसा भरून येत नाही. उलटपक्षी, नामवंत खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू आणता येत असला, तरी प्रेक्षकांच्या दृष्टीने तो त्याची जागा घेऊ शकत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे नियामक संस्था ही बहुधा त्या देशातील एकमेव नियोक्ता असते. खेळाडूला तिच्याशी पटले नाही, तर त्याच दर्जाचे काम देणारी दुसरी संस्था त्याला सापडत नाही. या तीन गोष्टींच्या परस्परसंबंधांतून दोन्ही पक्षांचे डावपेच ठरतात. भारतात ही प्रक्रिया मुख्यतः क्रिकेटमध्ये आढळते. तिचा इतिहास पाहता, खेळाडूंच्या बाजूचे यश बहुतांशी काही थोड्या खेळाडूंच्या अपरिहार्यतेवर अवलंबून राहिले. कायमस्वरूपी संघटना मात्र उभी राहिली नाही, असे दिसून येते.

परदेशातील पूर्वपीठिका : इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी करताच, आठवड्याला २० पौंड ही कमाल वेतनमर्यादा १९६१ मध्ये रद्द झाली. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये खेळाडूला एकाच क्लबाशी जखडून ठेवणारे राखीव कलम होते. मार्व्हिन मिलर हे पूर्वी पोलादकामगारांच्या संघटनेत काम केलेले अर्थतज्ज्ञ खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाल्यावर त्यांनी करारात लवादाची तरतूद करवून घेतली आणि त्याच लवादाने डिसेंबर १९७५ मध्ये राखीव कलमाचा प्रभाव संपुष्टात आणला. तेथे १९७२ व १९८१ मध्ये संप झाले. १९९४-९५ चा संप २३२ दिवस चालला आणि १९९४ ची वर्ल्ड सिरीज स्पर्धा रद्द करावी लागली.

क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणीचे मालक केरी पॅकर यांनी १९७७ मध्ये जगातील अनेक प्रमुख खेळाडूंना करारबद्ध करून स्वतंत्र सामने भरविले. या खेळाडूंवर घातलेली बंदी लंडनच्या उच्च न्यायालयाने १९७८ मध्ये व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध ठरविली. तथापि १९७९ मध्ये झालेला समझोता पॅकर व ऑस्ट्रेलियाचे क्रिकेट मंडळ यांच्यातील होता. खेळाडूंची मिळकत वाढली, पण समझोत्याच्या बैठकीत त्यांना स्थान नव्हते. पॅकर यांच्या सामन्यांत एकही भारतीय खेळाडू खेळला नाही.

पळवणकर बंधूंचा बहिष्कार : भारतीय क्रिकेटमधील सामूहिक असहकाराचे एक प्रारंभीचे उदाहरण मुंबईच्या चौरंगी सामन्यांत आढळते. पळवणकर बाळू (१८७६–१९५५) हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यातील युरोपीयांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखताना आणि गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकताना त्यांची गोलंदाजी घडली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना जातीमुळे नाकारण्यात आले. १९२० च्या स्पर्धेत कर्णधार एम. डी. पै आजारी पडले असता बाळूंना संघातून वगळण्यात आले व कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. त्यावेळी विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि त्याची कारणे जाहीर निवेदनाद्वारे लोकांपुढे मांडली.

या कृतीत वाटाघाटीचे तीन घटक स्पष्ट दिसतात. दोघेही बंधू संघाचे आधारस्तंभ असल्याने त्यांच्या अनुपस्थितीची किंमत निवड समितीला मोजावी लागणार होती. माघार स्पर्धा सुरू असताना घेतली गेल्याने समितीला वेळ काढता येत नव्हता. शिवाय प्रश्न वृत्तपत्रांत गेल्यामुळे तो संघनिवडीपुरता न राहता सामाजिक न्यायाचा ठरला. अखेर तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परतले, बाळू उपकर्णधार झाले व दोन्ही बंधू संघात आले. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै यांनी काही काळ मैदान सोडून बाळूंना नेतृत्व करू दिले. समितीने आपली चूक उघडपणे मान्य केली नाही. तरी मागणीचा गाभा स्वीकारला गेला. १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी त्या संघाने स्पर्धा जिंकली. येथे पैशाचा प्रश्न नव्हता. पण खेळण्यास नकार देण्याचे जे साधन पुढे मानधनाच्या वादांत वापरले गेले, ते याच प्रसंगी परिणामकारक ठरले.

विनू मंकड आणि १९५२ चा दौरा : स्वातंत्र्योत्तर काळात कसोटी क्रिकेटपटूचे मानधन चरितार्थास पुरेसे नव्हते. त्यामुळे विजय हजारे, दत्तू फडकर, सुभाष गुप्ते यांसारखे खेळाडू इंग्लंडमधील लँकेशर लीगच्या क्लबांतून व्यावसायिक म्हणून खेळत. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वी विनू मंकड यांना हॅसलिंग्डन क्लबचे निमंत्रण होते. दौऱ्यासाठी आपली निवड निश्चित असल्यास आपण क्लबाचा करार करणार नाही, असे त्यांनी मंडळाला कळविले व तशी हमी मागितली. ती न मिळाल्याने त्यांनी क्लबाशी करार केला.

लीड्स येथील पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार फलंदाज एकही धाव फलकावर लागण्यापूर्वी बाद झाले. त्यानंतर मंडळाने क्लबाकडे विनंती करून मंकड यांना उर्वरित कसोट्यांसाठी मोकळे करून घेतले. लॉर्ड्‌सच्या कसोटीत त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या आणि पहिल्या डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. भारत तो सामना आठ गड्यांनी हरला, तरी ती कसोटी मंकड यांच्याच नावाने ओळखली जाते. वाटाघाटीच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व असे, की खेळाडूपाशी उत्पन्नाचा पर्यायी मार्ग असेल, तर तो मंडळाचा नकार पचवू शकतो. पुढील काळात पर्यायी मार्गांवर बंदी घालणे हे मंडळाच्या डावपेचांचे प्रमुख अंग बनले, त्याचे कारणही हेच होय.

हक्क आणि बक्षीस : जून १९८३ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा खेळाडूंना मोठी रक्कम देण्याइतका पैसा मंडळाकडे नव्हता. मंडळाच्या विनंतीवरून लता मंगेशकर यांनी दिल्लीत विनामूल्य कार्यक्रम केला व त्याच्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. हा प्रसंग कृतज्ञतेने आठवला जातो. परंतु विजेत्यांना मिळालेली ही रक्कम करारातील देणे नव्हती. ती एका थोर गायिकेच्या औदार्यातून आलेली देणगी होती. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मंडळाचे उत्पन्न १९९० नंतर झपाट्याने वाढू लागले, तेव्हा त्यात खेळाडूंचा वाटा किती, हा प्रश्न अटळ झाला.

१९८९ ची बंदी : वेस्ट इंडीजचा दौरा संपल्यावर १९८९ मध्ये काही भारतीय खेळाडू मंडळाच्या संमतीवाचून उत्तर अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळले. त्यावरून मंडळाने सहा प्रमुख खेळाडूंवर एक वर्षाची बंदी घातली. त्यांत कर्णधार दिलीप वेंगसरकर यांच्यासह कपिल देव, मोहंमद अझरुद्दीन व रवी शास्त्री यांचा समावेश होता. इतरांना दंडाची शिक्षा झाली. एकाच कृत्याबद्दल भिन्न शिक्षा देण्याचा परिणाम खेळाडूंची एकजूट सैल होण्यात होऊ शकतो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर मंडळाने बंदी मागे घेतली. पण त्यानंतरच्या पाकिस्तान दौऱ्यावर संघाचे नेतृत्व वेंगसरकर यांच्याऐवजी कृष्णम्माचारी श्रीकांत यांच्याकडे होते.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार सामान्यतः शून्य ठरतो. त्यामुळे उघड बंदी न्यायालयात टिकविणे मंडळाला अवघड जाते. निवड व कर्णधारपद यांबाबत मात्र मंडळाला व्यापक स्वेच्छाधिकार असतो आणि त्याच्या वापरामागील हेतू सिद्ध करणे खेळाडूला जवळजवळ अशक्य असते. परिणामी, न्यायालयात जिंकलेला खेळाडू मैदानाबाहेर राहू शकतो, ही भीती वाटाघाटींत सतत उपस्थित असते.

२००२ चा जाहिरात-वाद : आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या प्रमुख स्पर्धांचे २००७ पर्यंतचे व्यापारी हक्क ५५ कोटी डॉलरना विकले होते. त्यानुसार स्पर्धेच्या आधी व नंतर ३० दिवस खेळाडूंनी प्रायोजकांच्या प्रतिस्पर्धी उत्पादनांची जाहिरात करू नये आणि स्पर्धेनंतर सहा महिने खेळाडूंच्या प्रतिमा प्रायोजकांना वापरता याव्यात, अशी कलमे खेळाडूंच्या करारात घालण्यात आली. सप्टेंबर २००२ मध्ये श्रीलंकेतील चँपियन्स ट्रॉफीपूर्वी भारतीय खेळाडूंनी या करारावर सही करण्यास नकार दिला. त्यांचे जाहिरातींचे करार वैयक्तिक असून आधीच झालेले होते आणि त्यांचे उत्पन्न सामन्यांच्या मानधनाहून कितीतरी अधिक होते.

या वादात खेळाडूंनी पूर्वीच्या तुलनेत अधिक शिस्त दाखविली. संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर असल्याने सर्व जण एकत्र होते. अनिल कुंबळे, राहुल द्रविड यांसारख्या ज्येष्ठांनी सर्वांच्या वतीने भूमिका मांडली आणि नवख्या खेळाडूंनाही वेगळे पडू दिले नाही. भारतीय मंडळाचे अध्यक्ष जगमोहन दालमिया यांचे आंतरराष्ट्रीय परिषदेशी स्वतंत्र मतभेद होते. त्यामुळे मंडळ एरवी विरोधी पक्ष असले, तरी या प्रसंगी ते खेळाडूंच्या बाजूस उभे राहिले. भारतीय प्रेक्षकांवाचून स्पर्धेचे प्रक्षेपण किफायतशीर ठरणार नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते. अखेर कलमे शिथिल करून खेळाडू त्या स्पर्धेत उतरले आणि २००३ च्या विश्वचषकापूर्वी तोच वाद पुन्हा उद्‌भवून पुन्हा तडजोड झाली. याच सुमारास मन्सूर अली खान पतौडी यांच्या अध्यक्षतेखाली खेळाडूंची संघटना स्थापन झाली. पण मंडळाने तिला सौद्यातील पक्ष म्हणून मान्यता दिली नाही व काही वर्षांत ती निष्क्रिय झाली.

करारपद्धती व महसुलातील वाटा : या दबावाचे फलित म्हणजे मंडळाच्या ढोबळ उत्पन्नापैकी २६ टक्के हिस्सा खेळाडूंसाठी राखून ठेवण्याचे सूत्र. त्यापैकी १३ टक्के आंतरराष्ट्रीय खेळाडूंना आणि उरलेला देशांतर्गत, महिला व कनिष्ठ खेळाडूंना मिळावयाचा होता. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी श्रेणीनिहाय वार्षिक करार सुरू झाले. उत्पन्नातील कोणत्या बाबी सूत्रात धरावयाच्या, हे मात्र मंडळच ठरवीत राहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये विराट कोहली, महेंद्रसिंग धोनी व प्रशिक्षक रवी शास्त्री यांनी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीशी चर्चा केली. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च श्रेणीचा वार्षिक करार सात कोटी रुपयांचा करण्यात आला. त्याच वेळी महिला खेळाडूंच्या सर्वोच्च श्रेणीसाठी ५० लाख रुपये ठरविण्यात आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला व पुरुष यांचे सामन्यांचे मानधन समान करण्यात आले (कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख व ट्‌वेंटी-२० सामन्यास ३ लाख रुपये). वार्षिक करारांतील तफावत मात्र राहिली.

प्रतिस्पर्धी लीग : खाजगी उद्योगसमूहाने २००७ मध्ये सुरू केलेल्या इंडियन क्रिकेट लीगमुळे राज्यसंघांतील खेळाडूंना प्रथमच दुसरा नियोक्ता मिळाला. मंडळाने तिला मान्यता नाकारली, तीत खेळणाऱ्यांना आपल्या स्पर्धांतून वगळले आणि २००८ पासून स्वतःची इंडियन प्रीमिअर लीग सुरू केली. प्रतिस्पर्धी लीग बंद पडू लागल्यावर २००९ मध्ये तिच्याशी संबंध तोडणाऱ्यांना अभय देण्यात आले. नव्या लीगमध्ये खेळाडूंची किंमत लिलावाने ठरते व प्रत्येक संघाच्या खर्चावर कमाल मर्यादा असते. अमेरिकेतील अशा मर्यादा खेळाडूंच्या संघटनांशी झालेल्या करारातून ठरतात. भारतात ती मंडळच ठरविते.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न : ऑक्टोबर २०१४ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारताचा दौरा धरमशाला येथील सामन्यानंतर अर्धवट टाकून गेला. त्या खेळाडूंची स्वतःची संघटना होती. परंतु आपले उत्पन्न घटविणारा करार तिने आपल्याला न विचारता केला, अशी त्यांची तक्रार होती. याउलट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील सुमारे २३० खेळाडूंचे करार ३० जून रोजी संपले, तरी त्यांची संघटना अभंग राहिली. मंडळाने आघाडीच्या खेळाडूंना स्वतंत्र करार देऊ केले असता त्यांनी ते नाकारले, कारण त्यामुळे राज्यपातळीवरील खेळाडूंचा महसुलातील वाटा गेला असता. ऑगस्टच्या प्रारंभी झालेल्या समझोत्यात तो वाटा कायम राहिला. संघटना असणे आणि ती सभासदांना उत्तरदायी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

भारतात न्यायमूर्ती लोढा समितीच्या जानेवारी २०१६ मधील शिफारशींनंतर जुलै २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन अस्तित्वात आली व मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर तिला दोन प्रतिनिधी मिळाले. तथापि तिचे सभासदत्व निवृत्त खेळाडूंपुरतेच मर्यादित आहे. ज्यांचे करार व मानधन यांचा प्रत्यक्ष सौदा व्हावयाचा, त्या खेळत असलेल्या क्रिकेटपटूंचा तीत समावेश नाही.

जिल्हा पातळीवरील खेळाडू : या उणिवेचा परिणाम महानगरांपेक्षा दूरच्या जिल्ह्यांत अधिक जाणवतो. मुंबई व तिच्या लगतचा परिसर आणि विदर्भ वगळता उर्वरित राज्यातील क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येते. त्यामुळे मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यातील (स्थापना १ मे १९९९) खेळाडूला महाराष्ट्राच्या संघात स्थान मिळवावे लागते, तर त्याच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील खेळाडू विदर्भाच्या संघासाठी पात्र ठरतो. एका संघटनेतून दुसरीकडे जावयाचे असल्यास ना हरकत प्रमाणपत्र लागते. पृथ्वी शॉ यांच्यासारखा कसोटीपटू २०२५ मध्ये मुंबईची संमती मिळवून महाराष्ट्राकडे येऊ शकला. पण संघाच्या उंबरठ्यावर असलेल्या अपरिचित खेळाडूला अशी मागणी करतानाही आपले नाव मागे पडेल अशी धास्ती वाटणे स्वाभाविक आहे.

२०२०-२१ च्या हंगामात कोविडच्या साथीमुळे रणजी करंडक स्पर्धा प्रथमच झाली नाही, तेव्हा हे वास्तव विशेष प्रकर्षाने पुढे आले. देशांतर्गत खेळाडूंचे मानधन प्रत्यक्ष खेळलेल्या दिवसांवर ठरत असल्याने, ज्यांच्याकडे नोकरी वा लीगचा करार नव्हता, त्यांचे उत्पन्न थांबले. सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाने २०१९-२० च्या हंगामात खेळलेल्यांना भरपाई म्हणून मानधनाच्या ५० टक्के रक्कम देण्याचे जाहीर केले. त्याबरोबर दैनिक मानधन ३५,००० रुपयांवरून वाढवून, खेळलेल्या सामन्यांच्या संख्येनुसार ४०,००० ते ६०,००० रुपये केले. निर्णय स्वागतार्ह होता. पण तो मंडळाने आपल्या सोयीने, हंगाम बुडाल्यानंतर अनेक महिन्यांनी घेतला. त्यापूर्वी खेळाडूंच्या वतीने मागणी मांडून उत्तर मागण्याचा अधिकार असलेली कोणतीही संस्था नव्हती.

मूल्यमापन : भारतीय क्रिकेटपटूंनी वापरलेली साधने पाहता, खेळण्यास नकार, योग्य वेळेची निवड, लोकमताचे आवाहन, पर्यायी उत्पन्न आणि न्यायालयीन दाद ही सर्व इतर देशांतील खेळाडूंच्या साधनांसारखीच होती. मंडळाच्या बाजूने बंदी, वैयक्तिक करार, निवडीचा स्वेच्छाधिकार आणि वादानंतर आपणहून केलेली वाढ ही साधने वापरली गेली. यांतील अखेरचे साधन सर्वांत परिणामकारक ठरले; कारण मागितलेली रक्कम मिळाली, की मागण्याचा अधिकार मागे पडतो. पळवणकर बंधूंनी १९२० मध्ये आपले संघातील स्थान पणाला लावून वगळलेल्या भावासाठी न्याय मिळविला. नंतरच्या वादांत आघाडीच्या खेळाडूंनी मिळविलेले लाभ प्रामुख्याने त्यांच्याच श्रेणीपर्यंत पोहोचले व खालच्या स्तरावर ते उशिरा आणि अंशतः झिरपले. खेळत असलेल्या सर्व स्तरांतील स्त्री-पुरुष खेळाडूंचे प्रतिनिधित्व करणारी मान्यताप्राप्त संघटना निर्माण होईपर्यंत, ज्याच्यावाचून सामना अडत नाही अशा खेळाडूचे हित ज्याच्यावाचून तो अडतो त्याच्या सद्‌भावनेवरच अवलंबून राहील.